नव्वदचा माल, पन्नासचा माल : अमेरिकेतील प्रक्रियायोग्य गोमांसाचा तुटवडा, 2012 ते 2015

अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या गोमांसापैकी जवळपास निम्मे खिम्याच्या रूपात खाल्ले जाते. बर्गरची पॅटी, सॉसेज, डबाबंद स्ट्यू, गोठवलेले तयार जेवण या सगळ्यांचा कच्चा माल एकच असतो. तो म्हणजे स्टेक आणि रोस्टचे भाग काढून घेताना निघणारी छाट, म्हणजेच ट्रिमिंग, आणि वयस्क जनावरांचे मांस. 2012 ते 2015 या चार वर्षांत या कच्च्या मालाच्या पुरवठ्याचा आणि मागणीचा मेळ तिथे पार विस्कटला. किरकोळ दुकानातील खिम्याचा सरासरी भाव 2012 च्या सुरुवातीला पौंडाला तीन डॉलरच्या आसपास होता, तो ऑगस्ट 2014 मध्ये पहिल्यांदाच चार डॉलरच्या वर गेला. या भाववाढीचे कारण बहुतेक ठिकाणी 'दुष्काळामुळे जनावरे घटली' एवढ्या एका वाक्यात सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या प्रकरणात मांसाच्या एकूण किलोंपेक्षा मांस आणि चरबी यांच्या प्रमाणाचा तुटवडा अधिक निर्णायक ठरला, आणि हे प्रमाण सांभाळण्याचा जो मार्ग उद्योगाने ग्राहकाला न सांगता वापरला होता, तो बंद पडल्यावर बाकीचे सगळे मार्ग एकाच वेळी अपुरे पडले, असे माझे मत आहे.

कच्च्या मालाचे गणित

अमेरिकेत कत्तल होणाऱ्या गुरांपैकी सुमारे चार-पंचमांश गुरे फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरे पोसून जाड करण्याच्या बंदिस्त आवारात, मक्यावर पोसलेली, खच्ची केलेले तरुण बैल आणि कालवडी, या वर्गातील असतात. त्यांच्या मांसात चरबी भरपूर असते आणि त्यांच्या धडावरून निघणाऱ्या छाटीत बऱ्याचदा निम्मे मांस आणि निम्मी चरबी असते. व्यापारात या मालाला 'फिफ्टीज' म्हणतात. असा माल नुसता दळला तर तो खिमा म्हणून विकताच येत नाही, कारण अमेरिकी नियमानुसार ग्राउंड बीफमध्ये चरबी 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि त्यात पाणी किंवा इतर भर घालण्यास बंदी आहे. म्हणून त्यात कमी चरबीचा माल मिसळावा लागतो. हा माल म्हणजे 'नाइन्टीज', ज्यात 90 टक्के मांस आणि 10 टक्के चरबी असते. तो भाकड झालेल्या दुभत्या गायी, कळपातून काढलेल्या पैदाशीच्या गायी आणि वळू यांच्यापासून मिळतो. देशात तो पुरेसा होत नाही, म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून गवतावर वाढलेल्या गुरांचे मांस गोठवून आणले जाते.

मिश्रणाचा हिशेब सोपा आहे. 80 टक्के मांसाचा खिमा हवा असेल, तर नव्वदच्या मालाचे तीन भाग आणि पन्नासच्या मालाचा एक भाग लागतो. म्हणजे फीडलॉटच्या बैलापासून निघालेली प्रत्येक किलो चरबट छाट खपवायची, तर कुठून तरी तीन किलो कमी चरबीचे मांस आणावे लागते. 70 टक्क्यांच्या खिम्याला हे प्रमाण एकास एक होते. ग्राहक जसजसा कमी चरबीच्या खिम्याकडे वळतो, तसतशी नव्वदच्या मालाची गरज झपाट्याने वाढते आणि पन्नासचा माल पडून राहू लागतो. एकाच जनावराच्या व्यापारात एका मालाचा तुटवडा आणि दुसऱ्याचा सुकाळ एकाच दिवशी असू शकतो, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

प्रत्यक्ष कारखान्यात हा हिशेब प्रत्येक घाण्यामागे करावा लागतो. आयात माल साधारण 27.2 किलोच्या, म्हणजे 60 पौंडांच्या, खोक्यांतून गोठलेल्या ठोकळ्यांच्या रूपात येतो. प्रत्येक खोक्यावर मांसाचे प्रमाण छापलेले असते. ठोकळे यंत्रात किसले जातात, ताज्या छाटीबरोबर जाड दळले जातात, मिश्रणाचा नमुना काढून चरबी मोजली जाते आणि मग अंतिम दळण होते. 80 टक्के मांसाचा खिमा हवा असताना नमुना 78 दाखवत असेल तर नव्वदचा माल वाढवायचा. 82 दाखवत असेल तर माल नियमात बसतो, पण कारखाना दोन टक्के महागडे मांस फुकट देत असतो. मोठ्या कारखान्यात रोज शेकडो टन दळण होते, तेव्हा वर्षभराचा नफा या एक-दोन टक्क्यांतच अडकलेला असतो.

मार्च 2012

या गणितातील एक महत्त्वाचा दुवा होता 'लीन फायनली टेक्स्चर्ड बीफ' नावाचा पदार्थ. साउथ डकोटातील बीफ प्रॉडक्ट्स इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी त्याची प्रमुख उत्पादक होती. अतिशय चरबट छाट किंचित गरम करून ती वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालायची, चरबी वेगळी काढायची आणि उरलेले बारीक मांस लगेच गोठवायचे, अशी ही पद्धत होती. जंतूंचा नाश व्हावा म्हणून त्यावर अमोनियम हायड्रॉक्साइडचा वायुरूप प्रयोग केला जात असे आणि कृषी खात्याने त्याला 2001 मध्ये परवानगी दिली होती. तयार मालात मांसाचे प्रमाण 94 टक्के किंवा त्याहून अधिक असे. खिम्यात तो 15 टक्क्यांपर्यंत मिसळला जाई आणि वेष्टनावर त्याचा वेगळा उल्लेख करावा लागत नसे.

समतोलाच्या दृष्टीने या पदार्थाचे महत्त्व दुहेरी होते. तो बाजारातून नकोशी चरबट छाट उचलत होता आणि त्याच बाजारात कमी चरबीचे मांस परत देत होता. 80 टक्क्यांच्या 100 किलो खिम्यात 94 टक्क्यांचा हा पदार्थ 15 किलो घातला, तर उरलेल्या 85 किलोंसाठी नव्वदचा माल 58.5 किलो आणि पन्नासचा माल 26.5 किलो लागतो. तो काढून घेतला की तेवढ्याच खिम्याला नव्वदचा माल 75 किलो लागतो, म्हणजे गरज एकदम 28 टक्क्यांनी वाढते. पन्नासच्या मालाचा खप मात्र वाढत नाही, उलट दीड किलोने घटतो, आणि या पदार्थासाठी पूर्वी उचलली जाणारी छाटही बाजारात शिल्लक राहते.

नेमके हेच मार्च 2012 मध्ये घडले. मॅकडोनाल्ड्ससारख्या मोठ्या साखळ्यांनी त्याचा वापर आधीच थांबवला होता. एबीसी न्यूज या दूरचित्रवाणी वाहिनीच्या वृत्तमालिकेने 'पिंक स्लाइम' हे टोपणनाव घरोघरी पोहोचवले. 15 मार्चला कृषी खात्याने शाळांच्या जेवण योजनेत हा पदार्थ नसलेला खिमा निवडण्याची मुभा दिली. त्यानंतर काही दिवसांतच सेफवे, सुपरव्हॅल्यू आणि क्रोगर या दुकानसाखळ्यांनी तो घेणे बंद केले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बीफ प्रॉडक्ट्सने आपल्या चारपैकी तीन कारखान्यांतील उत्पादन थांबवले, मे महिन्यात ते कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला आणि सुमारे 650 जणांच्या नोकऱ्या गेल्या. एएफए फूड्स ही खिमा बनवणारी मोठी कंपनी एप्रिलच्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली. पुढे बीफ प्रॉडक्ट्सने एबीसीवर दावा लावला आणि 2017 मध्ये तो तडजोडीने मिटला. एबीसीची मातृकंपनी डिस्नेने आपल्या हिशेबात त्यापोटी 17.7 कोटी डॉलर दाखवले.

पदार्थ सुरक्षित होता की नव्हता, या वादात इथे शिरण्याचे कारण नाही. कृषी खात्याने तो असुरक्षित असल्याचे कधीही म्हटले नाही. पण संपूर्ण उद्योगाच्या मांस-चरबीच्या हिशेबाचा एक आधारस्तंभ ग्राहकाच्या नजरेआड उभा असेल, तर तो उघडकीस आल्याच्या दिवशीच कोसळू शकतो, ही जोखीम कोणीच ताळेबंदात धरली नव्हती. वेष्टनावर त्याचे नाव पहिल्या दिवसापासून छापले असते, तर खप कदाचित कमी राहिला असता, पण तो एका महिन्यात शून्याकडे गेला नसता असे मला ठामपणे वाटते. कारगिल या बड्या मांस कंपनीने आपल्या अशाच, पण सायट्रिक आम्ल वापरून केलेल्या पदार्थाचा उल्लेख वेष्टनावर करण्यास नंतर सुरुवात केली, हे या दृष्टीने बोलके आहे.

दुष्काळ आणि उलटा चालणारा पुरवठा

हा धक्का बसला तेव्हा कळप आधीच आटत होता. 2011 मध्ये टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत भीषण दुष्काळ पडला, आणि 2012 मध्ये तो मक्याच्या पट्ट्यात पसरला. ऑगस्ट 2012 मध्ये मक्याचा वायदा भाव बुशेलला (सुमारे 25 किलोंना) आठ डॉलरच्या वर गेला. चारा नाही, पाणी नाही, मका महाग, अशा स्थितीत पशुपालकांनी पैदाशीच्या गायी विकून टाकल्या. 1 जानेवारी 2014 च्या गणनेत देशातील गुरांची संख्या सुमारे 8.8 कोटी भरली. 1951 नंतरची ती सर्वांत कमी संख्या होती. फेब्रुवारी 2013 मध्ये कारगिलने टेक्सासमधील प्लेनव्ह्यू येथील मोठा कत्तलखाना बंद केला आणि सुमारे 2000 कामगार बेकार झाले. कापायला पुरेशी जनावरेच उरली नव्हती.

दुष्काळाच्या काळात गायी विकल्या जातात, तेव्हा नव्वदच्या मालाचा पुरवठा वाढतो. खरी टंचाई पाऊस पडल्यावर सुरू होते. 2013-14 मध्ये कुरणे सावरू लागली, मका स्वस्त होऊ लागला आणि वासरांचे भाव चढले, तेव्हा पशुपालकांनी गायी राखून ठेवल्या आणि कालवडीही विक्रीला न पाठवता पैदाशीसाठी ठेवल्या. गायींची कत्तल घटली आणि कमी चरबीचे मांस आणखी दुर्मीळ झाले. भाव वाढला की पुरवठा वाढतो, हा बाजाराचा नेहमीचा नियम इथे काही वर्षे उलटा चालतो. चढा भाव पशुपालकाला गाय विकण्याचे नव्हे, तर ती ठेवण्याचे कारण देतो.

त्यात वेळेचा प्रश्न वेगळाच. 2013 च्या वसंतात जन्मलेली कालवड त्या शरदात पैदाशीसाठी राखली, तर ती 2014 च्या उन्हाळ्यात गाभण राहते, सव्वानऊ महिन्यांनी म्हणजे 2015 च्या वसंतात विते, आणि तिचे वासरू फीडलॉटमधून 2016 च्या अखेरीस कत्तलखान्यात पोहोचते. तेही पन्नासचा माल घेऊन. ती कालवड स्वतः नव्वदचा माल म्हणून बाजारात येण्यास आणखी कित्येक वर्षे लागतात.

दुधाच्या बाजारानेही त्याच वेळी विरुद्ध दिशेने ओढ लावली. 2014 मध्ये अमेरिकेत दुधाला विक्रमी भाव मिळाला. दुधाला भाव चांगला असला की दूध उत्पादक कमी देणारी गायदेखील आणखी एक वेत ठेवून बघतो. भाकड गायींची आवक त्यामुळे मंदावली. खिम्याच्या कारखान्याला लागणारा सर्वांत महत्त्वाचा कच्चा माल अशा रीतीने दुसऱ्याच धंद्याच्या निर्णयांवर अवलंबून असतो. कोणताही पशुपालक खिम्यासाठी गाय पाळत नाही. दूध संपले किंवा वासरू देण्याची क्षमता संपली की मागे उरते ते हे मांस, आणि त्याच्या भावात कितीही वाढ झाली तरी दुधाच्या किंवा वासराच्या हिशेबापुढे ती दुय्यम राहते.

दुसऱ्या बाजूला चरबी वाढत होती. 2014 च्या शरदात मका बुशेलला साडेतीन डॉलरच्या खाली आला. जनावरे कमी आणि खाद्य स्वस्त, म्हटल्यावर फीडलॉटवाल्यांनी प्रत्येक बैल जास्त दिवस पोसला. 2015 च्या शरदात बैलांच्या धडाचे सरासरी वजन 400 किलोंच्या पुढे गेले होते. घटलेली संख्या वजनाने भरून काढण्याचा हा मार्ग एकूण टनांच्या आकड्यात छान दिसतो. पण वाढीव वजनात चरबीचा वाटा मोठा असतो, आणि खिम्याच्या कारखान्याच्या दृष्टीने तो उपाय अडचण वाढवणारा होता.

ऑस्ट्रेलियाकडून आलेला माल

ही दरी 2014 आणि 2015 मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलियाने भरून काढली. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समध्ये त्या काळात दुष्काळ होता, तेथील पशुपालक कळप कमी करत होते, आणि 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात 90 लाखांहून अधिक मोठ्या गुरांची कत्तल झाली. गवतावर वाढलेल्या गायींचे कमी चरबीचे मांस हवे असलेला ग्राहक समोर होताच. शिवाय 2014 च्या मध्याला अमेरिकी 94 सेंटच्या आसपास असलेला ऑस्ट्रेलियन डॉलर सप्टेंबर 2015 पर्यंत 70 सेंटपर्यंत उतरला आणि अमेरिकेत माल विकणे आणखी फायद्याचे झाले.

या मार्गालाही कुंपण होते. अमेरिकेत गोमांसाची आयात देशनिहाय कोट्याने बांधलेली आहे. द्विपक्षीय व्यापार कराराखाली 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाचा कोटा 4,18,214 टनांचा होता आणि त्या वर्षीची निर्यात त्या मर्यादेपर्यंत जाऊन भिडली. न्यूझीलंडचा कोटा 2,13,402 टन, उरुग्वेचा 20,000 टन. ज्यांना स्वतंत्र कोटा नाही अशा सर्व देशांसाठी मिळून 64,805 टन, आणि त्यापलीकडील मालावर 26.4 टक्के शुल्क. कॅनडा आणि मेक्सिको या कोट्यांच्या बाहेर होते, पण त्यांचे कळपही त्या वेळी फारसे वाढलेले नव्हते.

आयात मालाच्या बाबतीत वेळेचे भान ठेवावे लागते. जहाजाने येण्यास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे आज दिलेला भाव दीड महिन्यानंतरच्या खिम्यासाठी असतो. माल बंदरात आल्यावर तपासणी होते, आणि वर्षअखेरीस कोटा संपत आला तर खोकी शीतगृहात पडून जानेवारीची वाट पाहतात. एका देशाचा दुष्काळ दुसऱ्या देशाची टंचाई भागवतो ही व्यवस्था त्या दोन वर्षांत चालली, ती योगायोगाने. दोन्हीकडे एकाच वर्षी पाऊस पडला असता आणि दोन्हीकडच्या पशुपालकांनी एकदमच गायी राखल्या असत्या, तर नव्वदचा माल कुठून येणार होता? 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात पाऊस झाला, कळप भरण्यास सुरुवात झाली आणि तेथील गुरांचे भाव विक्रमी पातळीवर गेले. अमेरिकेचा कळप तोपर्यंत सावरू लागला होता, एवढेच नशीब.

कारखान्यांनी काय केले

सर्वांत तातडीचा उपाय होता अख्खे भाग दळण्याचा. खांद्याचा 'चक' आणि मांडीचा 'राउंड' हे भाग एरवी रोस्ट म्हणून विकले जातात. नव्वदच्या मालाचा भाव चढत गेला तसे हे भाग दळणे परवडू लागले. यामुळे खिम्याचा पुरवठा टिकला, पण रोस्टचा पुरवठा घटला आणि त्याचा भावही वर गेला. म्हणजे तुटवडा मिटला नाही, शेजारच्या मालावर ढकलला गेला. तरीही मला हा उपाय योग्यच वाटतो, कारण तो उघड होता. ग्राहकाला मिळणारा खिमा अधिक चांगल्या मांसाचा होता आणि वाढलेल्या भावाचे कारण लपवावे लागत नव्हते.

दुसरा मार्ग होता मालाची प्रतवारी बदलण्याचा. 80 टक्क्यांऐवजी 73 टक्क्यांचा खिमा पुढे केला, तर नव्वदच्या मालाची गरज 75 किलोंवरून 57.5 किलोंवर येते आणि साचलेली छाटही खपते. सॉसेज आणि शिजवलेल्या पदार्थांत हा बदल तुलनेने सहज पचतो, कारण तिथे चरबीमुळे पोत आणि चव सुधारते. पण शाळा आणि रुग्णालये यांच्या खरेदीकरारात चरबीची मर्यादा लिहिलेली असते, आणि तिथे प्रतवारी खाली आणण्यास वाव नसतो. माझ्या मते अशा संस्थांच्या खरेदीची बांधणीच वेगळी हवी : त्यांना लागणाऱ्या नव्वदच्या मालाचा करार वर्षाच्या सुरुवातीला, कोटा मोकळा असताना व्हावा, आणि तो किलोंऐवजी मांसाच्या टक्केवारीच्या एककात व्हावा. 88 टक्क्यांचा माल 90 च्या भावाने उतरवून घेणारा खरेदीदार दर शंभर किलोंमागे दोन किलो मांस गमावतो आणि ते भरून काढण्यासाठी पुन्हा त्याच महागड्या बाजारात जातो.

जंतूंच्या तपासणीचाही या समतोलाशी थेट संबंध आहे, जरी तो क्वचित बोलला जातो. ई. कोलाय ओ157:एच7 हा रोगकारक जंतू अमेरिकेत 1994 पासून कच्च्या खिम्यात भेसळ मानला जातो, आणि जून 2012 पासून त्याच जातकुळीतील आणखी सहा प्रकारांची तपासणी छाटीत सुरू झाली. निकाल येईपर्यंत माल रोखून धरावा लागतो. जो माल कच्चा विकता येत नाही तो पूर्ण शिजवल्या जाणाऱ्या पदार्थांकडे वळवता येतो, म्हणून ज्या कारखान्याकडे दोन्ही प्रकारचे उत्पादन आहे त्याचा हिशेब टंचाईतही सांभाळला जातो. फक्त कच्ची पॅटी बनवणाऱ्याच्या हातात असा पर्याय नसतो.

नंतर

अमेरिकेचा कळप 2019 पर्यंत साडेनऊ कोटींच्या आसपास गेला आणि पुन्हा उतरणीला लागला. 1 जानेवारी 2025 च्या गणनेत तो 8.67 कोटी भरला, म्हणजे 2014 च्याही खाली. बीफ प्रॉडक्ट्सच्या मालाला 2018 च्या अखेरीस कृषी खात्याने 'ग्राउंड बीफ' हे नाव वापरण्याची मुभा दिली, पण पूर्वीचा खप परत आला नाही. दुभत्या गायींच्या बाबतीत आता एक नवे कारण जोडले गेले आहे. अनेक दूध उत्पादक आपल्या गायींना मांसासाठीच्या जातींचे रेतन करतात, कारण तशा वासराला चांगला भाव मिळतो. त्यामुळे गोठ्यात जुन्या गायीच्या जागी आणायला दुभत्या जातीच्या कालवडी कमी पडतात आणि जुनी गाय गोठ्यातच ठेवली जाते. त्या संकरित वासरापासून पुढे मिळतो तो फीडलॉटचा चरबट माल. जी गाय बाजारात आली असती ती नव्वदची होती. खिम्याच्या कारखानदारांनी दूध उत्पादकांच्या रेतनाच्या नोंदींकडे मक्याच्या भावाइतक्याच काळजीने पाहावे असा काळ आला आहे, कारण आज गोठ्यात कोणते रेतन होते यावर तीन-चार वर्षांनी येणाऱ्या दोन्ही मालांचे प्रमाण ठरते.